शाराकूचा ओनिजी: मूळ छापचित्र, नवी छपाई आणि हाताने रंगवलेली नक्कल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण कॅनव्हासवर रंगवलेले एक मोठे चित्र विकत घेतले आहे. काळसर पार्श्वभूमीवर मान पुढे काढलेला, छातीपाशी दोन्ही हातांची बोटे फाकवलेला जपानी नट त्यात दिसतो. मूळ रंगचित्र जपानमधल्या एका संग्रहालयात आहे, बाजारात मिळणारी छापील चित्रे ही त्याच्या स्वस्त प्रती आहेत, आणि आपले चित्र हाताने रंगवलेले असल्यामुळे ते छापील प्रतींपेक्षा मूळच्या अधिक जवळ जाते, असे विक्रेत्याने आपल्याला सांगितले. हे कितपत खरे आहे, आणि स्वतः अशी नक्कल करायची झाल्यास काय पाहावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. कागदावरील चित्रांचे जतन करणे आणि अभ्यासासाठी त्यांच्या नकला रंगवणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

विक्रेत्याने सांगितलेला क्रम मुळातच चुकीचा आहे. हे चित्र तोशूसाइ शाराकू या जपानी छापचित्रकाराचे असून त्यात ओतानी ओनिजी तिसरा हा काबुकी या जपानी परंपरागत नाट्यप्रकारातला नट एदोबेई नावाच्या नोकराच्या भूमिकेत आहे. 1794 च्या पाचव्या महिन्यात एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, कावाराझाकी-झा या नाट्यगृहात ते नाटक झाले आणि त्याच सुमारास त्सुताया जूझाबुरो या प्रकाशकाने चित्र छापून विक्रीस काढले. त्याच्यामागे कोणतेही मूळ रंगचित्र नाही. शाराकूने पातळ कागदावर फक्त काळ्या शाईने रेखाटन केले असणार. ते रेखाटन डोंगरी चेरीच्या लाकडी फळीवर पालथे चिकटवायचे आणि कोरणाऱ्याने त्या कागदासकट लाकूड कोरायचे, अशी पद्धत होती. मुख्य ठसा तयार होत असतानाच चित्रकाराच्या हातचा कागद नाहीसा होत असे. त्या ठशावरून काढलेल्या काळ्या प्रतींवर चित्रकार कुठे कोणता रंग हवा ते दाखवी आणि मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरला जाई. म्हणजे रंगांसकट पूर्ण झालेले चित्र पहिल्यांदा जगात आले ते छापलेल्या कागदावरच. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय, शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट आणि तोक्योचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्याकडे या चित्राच्या प्रती आहेत. त्यांच्यात छपाईचा आणि अवस्थेचा फरक असेल, पण एक मूळ आणि बाकीच्या नकला असा भेद त्यांच्यात नाही.

यातून निघणारी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. ओनिजीचे चित्र हे चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक अशा चौघांचे काम आहे, आणि त्यातली जी रेघ आपल्याला मोहवते ती कुंचल्याची नसून सुरीची आहे. केसांचे आणि चेहऱ्याचे कोरीवकाम कार्यशाळेतला सर्वात तरबेज कारागीर करीत असे, कारण कपाळाच्या कडेला केस जिथे सुरू होतात तिथली केसाइतकी बारीक ओळ लाकडात उभी ठेवणे नवख्याचे काम नव्हे. हाताने रंगवलेली नक्कल करणारा मनुष्य या चौघांचे काम एकट्याने आणि वेगळ्याच हत्यारांनी करायला बसतो. त्यामुळे 'हाताने रंगवलेले म्हणून अधिक अस्सल' हे विधान या चित्रांच्या बाबतीत टिकत नाही.

कुंचल्याला या परंपरेत स्थानच नव्हते, असे मात्र समजू नये. काबुकी नटांची चित्रे सुरुवातीला ज्या तोरी घराण्याने काढली, ते घराणे नाट्यगृहांबाहेरचे रंगीत फलकही रंगवीत असे. तोरी कियोनोबूच्या काळात, म्हणजे 18 व्या शतकाच्या आरंभी, छापली जाई ती फक्त काळी रेघ, आणि रंग प्रत्येक प्रतीवर हाताने भरले जात. त्यासाठी शेंदूर, पुढे करडईच्या फुलांचा लाल रंग, आणि काळ्या भागाला लाखेसारखी चमक यावी म्हणून सरस घातलेली शाई वापरत. 1740 च्या दशकात दोन-तीन रंग ठशांनी छापले जाऊ लागले, आणि 1765 मध्ये सुझुकी हारुनोबूच्या चित्रांबरोबर पूर्ण बहुरंगी छपाई रूढ झाली. तेव्हा कियोनोबूच्या एखाद्या चित्राची हाताने रंगवलेली नक्कल करणे मूळ पद्धतीला बरेचसे धरून होईल. शाराकूच्या बाबतीत तसे नाही. शाराकूच्या हातचे म्हणून मानले जाणारे एक रंगवलेले काम उपलब्ध आहे. ग्रीसमधील कोर्फू बेटावरच्या आशियाई कला संग्रहालयात 2008 साली तज्ज्ञांच्या नजरेस पडलेला तो पंखा असून त्यावर मात्सुमोतो कोशिरो चौथा आणि मात्सुमोतो योनेसाबुरो हे दोन नट आहेत. शाराकूने कुंचला हाती घेतल्यावर रेघ किती हलकी आणि सैल होते हे त्यावरून कळते, आणि ओनिजीच्या छापचित्रातली ताठ, ठाम रेघ कोरणाऱ्याच्या हातातून गेल्यावरच तशी झाली, हेही लक्षात येते.

आता नकलांकडे वळतो. कॅनव्हासवरच्या नकला मी बऱ्याच पाहिल्या आहेत, आणि त्या बहुतेक ठरावीक ठिकाणीच चुकतात.

पहिली चूक चेहऱ्यात होते. तैलरंगात शिकलेला चित्रकार नकळत गालाखाली सावली देतो, नाकाच्या बाजूला थोडा गडद रंग ओढतो, डोळ्यांच्या खोबणीला खोली आणतो. शाराकूच्या चित्रात चेहऱ्याची त्वचा म्हणजे मुख्यतः कोरा ठेवलेला कागद आहे. काबुकी नट चेहऱ्याला पांढरा लेप लावून रंगमंचावर येतो, आणि तो सपाट पांढरेपणा कागदाच्या स्वतःच्या पांढरेपणानेच दाखवलेला आहे. तिथे सावली आली की रंगमंचावरचा नट जातो आणि कुठलातरी रागावलेला माणूस उरतो. शिवाय ओनिजीच्या मुद्रेला नाटकात नेमके कारण आहे: एदोबेई हा इप्पेई नावाच्या दुसऱ्या नोकरावर पैसे लुटण्यासाठी चालून जातो आहे, आणि इचिकावा ओमेझोने केलेल्या त्या इप्पेईचे चित्रही शाराकूने याच्या जोडीने काढले. काबुकीत कळसाच्या क्षणी नट क्षणभर जागच्या जागी गोठतो आणि प्रेक्षक आरोळी देतात. ही मुद्रा त्याच परंपरेतली आहे. इप्पेईचे चित्र शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ओनिजीची नक्कल करू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

दुसरी चूक हातांची. मूळ चित्रातले हात चेहऱ्याच्या मानाने लहान आहेत, कपड्यातून विचित्रपणे बाहेर आलेले आहेत, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते नीट बसत नाहीत. नक्कल करणारे चित्रकार ते 'दुरुस्त' करतात: पंजा थोडा मोठा करतात, मनगट दाखवतात, बोटांना सांधे देतात. असे केले की चित्राचा सगळा ताण निघून जातो, कारण मोठा, पुढे झेपावलेला चेहरा आणि आखडलेले छोटे हात यांच्यातल्या विसंगतीवरच ते उभे आहे. शाराकूच्या काळाच्या जवळच्याच एका जपानी टिपणात असे म्हटले आहे की त्याने नटांना इतके खरे दाखवले की ते लोकांना रुचले नाही आणि त्याचे काम फार काळ टिकले नाही. प्रत्यक्षात सुमारे दहा महिन्यांत, 1794 च्या पाचव्या महिन्यापासून 1795 च्या पहिल्या महिन्यापर्यंत, त्याची 140 हून अधिक चित्रे निघाली आणि मग तो थांबला. त्याला व्यंगचित्रकार समजून चेहरे आणखी वेडेवाकडे करणारे नकलाकार आणि त्याला सुधारणारे नकलाकार, दोघेही मला सारखेच चुकीचे वाटतात.

तिसरी गोष्ट पार्श्वभूमीची, आणि इथे छायाचित्रांनी फार नुकसान केले आहे. शाराकूच्या पहिल्या गटातील 28 मोठ्या अर्धचित्रांची पार्श्वभूमी काळ्या रंगाची दिसते, पण ती अभ्रकाची आहे. गडद तळावर सरसाच्या साहाय्याने अभ्रकाची पूड बसवलेली असते. कागद हातात धरून किंचित कलता केला की ती पृष्ठभागभर चमकते आणि नट त्या चमकेतून पुढे येतो. समोरून सपाट प्रकाशात काढलेल्या छायाचित्रात तीच पार्श्वभूमी निर्जीव करड्या रंगाची दिसते, आणि ते छायाचित्र पाहून रंगवणारा चित्रकार करडा किंवा काळा रंग फासतो. आपले चित्र खिडकीजवळ नेऊन बाजूने पाहा. पार्श्वभूमीत काहीच हालचाल दिसली नाही तर ते छायाचित्रावरून केले आहे असे समजावे. अभ्रकाऐवजी चंदेरी किंवा मोतिया ॲक्रिलिक वापरले असेल तर चमक दिसेल, पण ती एकसारखी आणि प्लास्टिकसारखी असेल.

रंगांचा प्रश्न यापेक्षाही गहन आहे. एदोकाळातील, म्हणजे 17 व्या ते 19 व्या शतकातील, छपाईचे बरेच रंग वनस्पतिजन्य होते आणि त्यातले काही अत्यंत नाजूक होते. करडईचा गुलाबी-लाल प्रकाशाने उडतो. निळ्यासाठी आपल्याकडच्या केन्याच्याच कुळातील एका रानफुलाचा रस वापरत. तो प्रकाशाने उडतो आणि पाणी लागताच विरघळतो. जांभळा रंग अनेकदा या दोहोंच्या मिश्रणाने केलेला असल्यामुळे आज संग्रहालयांत जिथे मातकट तपकिरी किंवा करडा भाग दिसतो, तिथे एकेकाळी जांभळा असण्याची शक्यता बरीच असते. शेंदूर उलट काळवंडतो. मग नक्कल करताना आजचा उडालेला रंग घ्यायचा की 1794 चा ताजा रंग कल्पून भरायचा? माझे मत असे की दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत, पण एकाच चित्रात त्यांची सरमिसळ करू नये. आपण पाहतो त्या बहुतेक नकलांमध्ये लाल भडक असतो, कारण चित्रकाराला तो आवडतो, आणि बाकीचे रंग मातकट असतात, कारण छायाचित्रात ते तसे असतात. असा रंगमेळ मूळ चित्रात कधीच नव्हता. ताज्या रंगांची कल्पना हवी असेल तर बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील स्पॉल्डिंग बंधूंचा संग्रह पाहावा. 1921 मध्ये देताना त्यांनी ही चित्रे प्रदर्शनात कधीही मांडू नयेत अशी अट घातली, त्यामुळे तिथले निळे आणि जांभळे रंग आजही आश्चर्यकारक टवटवीत आहेत आणि त्यांच्या प्रतिमा सर्वांना पाहता येतात.

जांभळ्यावरून एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. 1629 मध्ये स्त्रियांना आणि 1652 मध्ये किशोरवयीन मुलांना रंगमंचावर बंदी झाल्यानंतर काबुकीत प्रौढ पुरुषच उरले, आणि त्यांना कपाळावरचे केस काढावे लागत. स्त्रीपार्टी नट तो भाग झाकण्यासाठी कपाळावर जांभळ्या कापडाची पट्टी बांधत. छापचित्रांत ती स्पष्ट दिसते, पण रंग उडून करडी झालेली असल्यामुळे नकलाकार तिला दागिना किंवा केसांचाच भाग समजून काहीतरी भलतेच रंगवतात. कपड्यांवरील कुलचिन्हांचेही असेच होते. इचिकावा दान्जूरो घराण्याचे एकात एक बसवलेले तीन चौकोन किंवा इतर घराण्यांची चिन्हे ही नट ओळखण्याची खूण आहे. ती नक्षी म्हणून बदलली की चित्रातला माणूसच बदलतो.

आपल्या हातात आलेली वस्तू कोणत्या जातीची आहे हे ओळखणे फारसे अवघड नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. नियमित ठिपक्यांची जाळी दिसली तर ते आधुनिक यंत्रछपाईचे चित्र आहे, मग त्यावर वरून कुंचल्याचे चार फटकारे मारलेले का असेनात. कॅनव्हासवर छापून वर पारदर्शक जेल फासण्याचा प्रकार आता सर्रास चालतो. रंगाचा थर कापडावर बसलेला आणि रेघेच्या कडेला कुंचल्याचा मागोवा दिसला तर ती हातची नक्कल. ठशाच्या छपाईत रंगाला असा थर नसतो: ओलसर कागदावर मागून बांबूच्या पानाने मढवलेल्या चकतीने, म्हणजे बारेनने, दाब देऊन रंग तंतूंमध्ये उतरवलेला असतो, म्हणून रंगातूनही कागदाचे तंतू दिसतात आणि कागदाच्या पाठीवर चित्र उमटलेले असते, कधी चकती फिरल्याच्या वर्तुळाकार खुणाही असतात. आकारही बोलका आहे. मूळ ओनिजी साधारण 38 सेंटिमीटर उंच आणि 25 सेंटिमीटर रुंद आहे. हातात धरून पाहण्यासाठी ते चित्र आहे.

खरी अडचण येते ती पुन्हा कोरलेल्या ठशांच्या बाबतीत. 19 व्या शतकाच्या अखेरीपासून शाराकूची चित्रे नव्याने कोरून, जुन्याच पद्धतीने छापली गेली आहेत, आणि तोक्योतील आदाची ही संस्था आजही अशी उत्कृष्ट कामे करते. त्यांवर शाराकूची सही, त्सुतायाचे शिखर आणि आयव्हीच्या पानाचे चिन्ह, आणि 1790 च्या सुमारास सुरू झालेला तपासणीचा गोल शिक्का, हे सर्व कोरलेले असतेच. तेव्हा या खुणा दिसल्या म्हणून चित्र 1794 चे ठरत नाही. नवी छपाई करणारे प्रकाशक सहसा समासात किंवा पाठीमागे आपला शिक्का देतात, पण समास कापून टाकलेली चित्रे बाजारात फिरत असतात. कागदाचे वय, रंगांचा स्वभाव आणि नोंदलेल्या मूळ प्रतींशी रेघन् रेघ ताडून पाहणे हाच तिथे उपाय असतो, आणि ते काम छायाचित्रावरून करता येत नाही.

स्वतः नक्कल रंगवायची असेल तर कॅनव्हास सोडून द्यावा. कोझो या तुतीवर्गीय झुडपाच्या सालीपासून केलेला जाडसर जपानी कागद घ्यावा, त्यावर सरस आणि तुरटीचे पातळ पाणी फिरवून वाळू द्यावे, म्हणजे रंग फुटणार नाही. आकार मूळचाच ठेवावा. आधी रेघ पूर्ण करावी आणि मगच रंगाला हात लावावा. लांब, बारीक टोकाच्या कुंचल्याने, दाब शक्य तितका एकसारखा ठेवून, रेघेची सुरुवात आणि शेवट सुरीने कापल्यासारखे टोकदार यावेत असा सराव करावा लागतो. मला स्वतःला कपड्याच्या लांब रेघांपेक्षा भुवया आणि ओठांचे कोपरे अधिक कठीण जातात, कारण तिथे रेघ लहान असूनही तिची जाडी दोनदा बदलते. रंग पातळ ठेवून दोन-तीन हात द्यावेत. जाड अपारदर्शक रंगाचा एक हात देण्याचा मोह टाळावा. चेहऱ्यावर शिंपल्याच्या भुकटीचा पांढरा लावण्याची गरज नाही, कागद पुरेसा आहे. पार्श्वभूमीसाठी आधी पातळ काळा हात, तो वाळल्यावर सरसात मिसळलेली अभ्रकाची पूड रुंद कुंचल्याने एकाच दिशेने. आकृतीवर कागदाचा आडोसा कापून ठेवला तर कडा ठशासारखी स्वच्छ येते. सरस जास्त झाला तर अभ्रक मंद पडतो आणि कमी झाला तर हाताला लागतो, म्हणून आधी वेगळ्या तुकड्यावर पाहून घ्यावे. शाराकूची सही चित्राचा भाग म्हणून उतरवण्यास हरकत नाही, पण पाठीमागे आपले नाव, वर्ष आणि 'नक्कल' हा शब्द न पुसता येणाऱ्या शाईने लिहावा. हे मी ऐच्छिक मानत नाही.

मुंबई-कोकणाच्या हवेत अशी कामे, मूळ असोत वा नकला, पावसाळ्यात विशेष धोक्यात असतात. बाहेरच्या ओलसर भिंतीवर लावू नयेत. फ्रेमवाला मागे प्लायवूड किंवा साधा पुठ्ठा घालू लागला तर थांबवून आम्लविरहित पुठ्ठा मागावा, आणि काच चित्राला टेकणार नाही इतके अंतर ठेवायला सांगावे. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांनी जेवढी छापचित्रे कायमची बिघडलेली मी पाहिली आहेत तेवढी कसरीनेही बिघडलेली नाहीत. सूर्यप्रकाश थेट पडणारी जागा वर्ज्य, आणि वर्षातले काही महिने चित्र उतरवून अंधारात सपाट ठेवणे सर्वांत उत्तम.

आपल्या कॅनव्हासला सजावटीचे मोल आहे आणि तो आवडत असेल तर जरूर लावावा, पण त्यासाठी छापचित्रापेक्षा अधिक पैसे देण्याचे कारण नव्हते. पुढे खर्च करायचा असेल तर तीन मार्ग सुचवतो. ओनिजीच हवा असेल तर नाव आणि शिक्का दाखवणाऱ्या प्रकाशकाची नव्याने कोरलेली ठसाछपाई घ्यावी. अभ्रक काय करतो हे तीच शिकवते. एदोकाळातला अस्सल कागद हातात हवा असेल तर उतागावा कुनिसादाची नटचित्रे पाहावीत. 1844 नंतर तो तोयोकुनी याच नावाने सही करीत असे आणि त्याची चित्रे प्रचंड संख्येने छापली गेल्यामुळे अजूनही आवाक्यात आहेत. 1842 मध्ये नटांच्या चित्रांवर बंदी आल्यानंतरच्या काही वर्षांतल्या चित्रांवर नटाचे नाव नसते, तेव्हा नाव नाही म्हणून ते चित्र टाकून देऊ नये. आणि शाराकूची परंपरा पुढे कशी गेली यात रस असेल तर नातोरी शुन्सेनची 1925 ते 1929 मधली 36 नटचित्रे शोधावीत. वातानाबे शोझाबुरोने प्रकाशित केलेल्या त्या चित्रांतही मोठा चेहरा आणि अभ्रकाची पार्श्वभूमी यांचा वापर आहे. त्या मालिकेतली चांगल्या अवस्थेतली प्रत मिळत असेल, तर माझा कौल तिलाच आहे.